वर्षभर परदेशात युथ वर्कसाठी व्हॉलंटियर म्हणून जाऊ की नको?

घोरपडीची_चिमणी
नमस्कार सगळ्यांना, आणि आमच्याकडच्यांना सलाम. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी २३ वर्षांची, बीकॉम, दीड वर्षापासून खराडीला एका कंपनीत पेरोलचं काम करते. लहानपणापासून चर्चचं संडे स्कूल, मग तरुण संघ, आणि गेली दोन वर्षं संघाची सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे खुर्च्या लावायच्या, माईकवाल्याला फोन करायचा आणि कॅरल राऊंडला कुठल्या घरी चहा नि कुठल्या घरी जेवण त्याची यादी करायची. मागच्या वर्षी पाळकसाहेबांनी एक फॉर्म हातात दिला. इंग्लंडमधल्या चर्चची एक संस्था, १८ ते ३० वयाची मुलंमुली ११ महिन्यांसाठी बोलावतात, एखाद्या गावात राहून युथ क्लब, सुट्टीतली शिबिरं, शाळेनंतरचे वर्ग असं काम. राहणं, खाणं आणि आठवड्याचा थोडा भत्ता देतात, पगार नाही. मी भरला, दोन मुलाखती झाल्या व्हिडिओवर, आणि सोमवारी मेल आला की निवड झालीये. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय.

घरची परिस्थिती अशी की पप्पा (खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर) म्हणतात सेवाच करायची तर येरवड्याला रिक्षाने जाता येतं, विमान कशाला. मम्मीला स्थळांची काळजी. आजी एकटी खूष, तिला वाटतंय मी राणीकडे चाललेय, राणी गेली हे तीनदा सांगून झालंय. ऑफिसात साहेबांनी स्पष्ट सांगितलं, एवढी रजा नाही, राजीनामा दे.

तर कोणी असं गेलंय का? नक्की काय काम पडतं? आल्यावर नोकरीचं काय होतं? आणि खरं विचाराल तर ही मला आलेली हाक आहे की नुसती पुण्याबाहेर पडायची हौस, हेच मला कळत नाहीये.

चहाबाज
मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ताम्हिणीचा_पाऊस
जा. २३ वय, डोक्यावर ईएमआय नाही, पोरंबाळं नाहीत. ह्याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. मी ४१ चा आहे आणि मला लोणावळ्याला जायला पण चार जणांची परवानगी लागते.

खाणीतली_कोकिळा
धागा बघून लॉगिन केलं, पासवर्ड पण विसरले होते.

मी गेले होते. मूळ नगरची, आता पिंपळे सौदागर. इंग्लंडच्या उत्तरेला डरहम परगण्यात एक जुनं खाणगाव, तिथे अकरा महिने. कोळशाची खाण १९९३ ला बंद झाली आणि तेव्हापासून गाव तसंच बसून राहिल्यासारखं. एक चर्च, एक हॉल, दोन चिप्सची दुकानं, आणि वारा असा की छत्री उघडणारा माणूस बाहेरगावचा हे लगेच कळायचं.

काम काय विचारलंस ना. तुझ्या भाषेत सांगते, खुर्च्या लावणे. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला युथ क्लब, त्याच्या आधी हॉल उघडायचा, हीटर लावायचा (तो अर्धा तास नुसता खोकायचा), टेबल टेनिस मांडायचं, टोस्टसाठी पाव मोजायचे. मग चाळीस पोरं यायची, अकरा ते सोळा वयाची. बायबलचा ब पण नाही, टोस्ट खायची, पूल खेळायची, एकमेकांना शिव्या द्यायची. साडेआठला परत झाडू. मी पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात रडले, की आपण मंडळीसमोर गुडघे टेकून प्रार्थना करून घेऊन निघालो ते ह्यासाठी? पावाला लोणी लावायला?

रविवारी उपासनेला चौदा माणसं. मी मोजायचे, दुसरं करणार काय. मला धरून पंधरा. सगळ्यात तरुण मी आणि माझ्यानंतर ऑर्गनवाल्या बाई, वय ६८. शुक्रवारच्या चाळीसातलं एकही पोर रविवारी नाही. आपल्याकडे आपण समजतो विलायत म्हणजे ख्रिस्ती देश, तर २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के आहेत आणि धर्मच नाही म्हणणारे ३७.२. हे आकडे मला तिथल्या पाळकबाईंनी पहिल्याच दिवशी चहा देताना सांगितले, म्हणाल्या बाई गं आधीच सांगून ठेवते.

चहावरून आठवलं. तिकडे उत्तरेत 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं. एका काकूंनी टीला बोलावलं साडेपाचला, मी आपली घरून पोटभर वरणभात खाऊन गेले, चहा-बिस्कीट असेल म्हणून. समोर मोठ्ठी पाई (सारण भरून भाजतात ती), उकडलेले बटाटे, गाजरं, वर ग्रेव्ही. नाही म्हणायची सोय नाही. रात्रभर झोप नाही.

पुढचं उद्या लिहिते, पोराला झोपवायचंय.

चहाबाज
आम्हाला असं टीला बोलवत का नाही कोणी :(

पेशवेपार्क
धागाकर्तीच्या वडिलांशी सहमत. मी ख्रिस्ती नाही, पण येरवड्यात एका वस्तीत शनिवारी गणित शिकवतो, सात वर्षं झाली. दरवर्षी उत्साही तरुण येतात, फोटो काढतात, चार शनिवार टिकतात. ज्यांना घराजवळ चाळीस मिनिटं काढता येत नाहीत ते परदेशात वर्षभर सेवा करायला तयार असतात, ह्याची मला गंमत वाटते. तिकडच्या पोरांना टोस्ट द्यायला तिकडची माणसं नाहीत का? विमानाचं भाडं, व्हिसा, राहणं धरलं तर त्या खर्चात इथे एक पूर्णवेळ शिक्षक ठेवता येईल. टोचून बोलतोय पण विचार करावा.

घोरपडीची_चिमणी
@पेशवेपार्क, टोचलं, कारण खरं आहे. येरवड्याचं पप्पा बोलले तेव्हा मी भांडले, पण मी येरवड्याला एकदाही गेलेली नाही. नाताळला चर्चतर्फे ब्लँकेट वाटायला गेलेले ते धरत नाही.

@कोकिळाताई, लवकर लिहा ना. वरणभात कुठे मिळाला तिकडे?

उंटावरचा_शहाणा
म्हणजे मिशनरी ट्रेनिंगच ना? तिकडून शिकून यायचं आणि इथे वस्तीत सुरू. उगाच सेवेचं नाव कशाला.

पौंडाचा_भाव
@उंटावरचा, वरचा प्रतिसाद वाचला असतास तर कळलं असतं, तिकडच्या पोरांना टोस्ट मिळतो, बाप्तिस्मा नाही. तिकडच्या चर्चला स्वतःची मुलं टिकवता येत नाहीत, ते तुझी पळवायला कधी येणार.

उंटावरचा_शहाणा
प्रश्न विचारला की झोंबतं.

दापोडीकर
प्रश्न विचार की. पण दरवेळी आम्हीच उत्तर का द्यायचं? माझं आडनाव शिंदे. शाळेत, कॉलेजात, सोसायटीच्या मीटिंगला, "शिंदे आणि ख्रिश्चन? कसं काय?" पणजोबांपासून आम्ही ह्याच मातीत, आमचं ज्ञानोदय नियतकालिक १८४२ पासून मराठीत निघतंय, आमची उपासना मराठीत, भजनं टाळ-पेटीवर, करंज्या तुमच्याच आईसारख्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही एक टक्का पण भरत नाही आणि तरी आम्हीच सगळ्यांना पळवतोय. असो, मुलीचा धागा आहे, थांबतो.

संपादक_मंडळ
धर्मांतरावर वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुढचे न वाचता उडवू.

खाणीतली_कोकिळा
दापोडीकर, तुमचं वाचून हसू आलं, कारण तिकडे माझं बरोब्बर उलटं झालं. पहिल्याच शुक्रवारी एक बारा वर्षांचा पोरगा मला विचारतो, तू हिंदू का? म्हणलं नाही, ख्रिश्चन. तो म्हणे असं कसं, तू तर इंडियन आहेस. पुण्यात आडनावाचा खुलासा करत होते, तिकडे चेहऱ्याचा. पण एक फरक होता, त्या पोराला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पुढच्या आठवड्यात परत आला, म्हणे तुमच्याकडे चर्चमध्ये खाली बसतात हे खरं का. मग मी त्यांना खाली मांडी घालून बसवलं, पाच मिनिटांत अर्ध्यांच्या पायाला मुंग्या. त्या दिवसापासून मांडी घालून कोण जास्त वेळ टिकतो ही क्लबमध्ये स्पर्धाच सुरू झाली. माझं तिकडचं सगळ्यात यशस्वी काम हेच असेल.

आता एक गंभीर. जाण्याआधी आणि गेल्यावर तुला सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना सुरक्षित कसं ठेवायचं त्याचं, ट्रेनिंग देतील. मला ते आधी अपमान वाटलं होतं. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत. स्वतःचा मोबाईल नंबर द्यायचा नाही. पालकांच्या सहीशिवाय फोटो नाही. गाडीतून एकट्या मुलाला सोडायचं नाही. आपल्याकडे संडे स्कूल सुटलं की मी तीन पोरांना स्कुटीवर कोंबून घरी सोडायचे, गालगुच्चे घ्यायचे, त्यात वावगं काही वाटायचंच नाही कोणाला.

पण सगळ्यात अवघड नियम वेगळाच आहे: "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला द्यायचंच नाही. नोव्हेंबरात एक मुलगी, तेरा वर्षांची, रोज टोस्टला मदत करायची, ती म्हणाली तुला एक सांगते पण शप्पथ घे. मी पुण्यात असते तर आईशप्पथ म्हणून गळ्याला हात लावून मोकळी झाले असते. तिथे मला म्हणावं लागलं की तुला किंवा कोणाला त्रास होत असेल तर मला एका माणसाला सांगावंच लागेल, कोणाला ते तुला आधी सांगेन. ती गप्प झाली. उठून गेली. मी घरी येऊन आईला फोन करून रडले की मी पोरगी गमावली. तीन शुक्रवार ती टोस्टच्या टेबलाकडे फिरकली नाही. चौथ्या शुक्रवारी आली, लोणी लावता लावता सगळं सांगितलं, आणि म्हणाली, तू शप्पथ घेतली नाहीस म्हणून सांगतेय, बाकीचे घेतात आणि काही करत नाहीत.

काय सांगितलं ते लिहिणार नाही. योग्य ठिकाणी गेलं एवढंच.

आणि वरणभात: डाळ-तांदूळ कुठेही मिळतो गं, कुकर न्यावा लागतो.

नगरी_मिरची
कोकिळाताई _/\_
आमच्या चर्चच्या संडे स्कूल कमिटीला हा प्रतिसाद छापून देणार आहे. आपल्याकडे असे नियम कागदावर असतील तर असतील, दारावर लावलेले मी तरी पाहिले नाहीत.

पौंडाचा_भाव
मी कोरडं कामाचं लिहितो, भावनिक बाकीचे बघतील. मी २०२४ च्या ऑगस्टमध्ये असाच गेलो होतो.

ब्रिटनला ह्यासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो, व्हिजिटर व्हिसावर जायचं नाही, कोण कितीही म्हणो चालतं म्हणून. जास्तीत जास्त १२ महिने, पगार घेता येत नाही, कायमची जागा भरता येत नाही. संस्थेकडे स्पॉन्सरचा परवाना पाहिजे, तिने तुला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा नंबर द्यायचा. परवाना असलेल्या संस्थांची यादी तिकडच्या सरकारच्या साईटवर उघडी आहे, आधी तिथे नाव शोध. माझी फी २९८ पौंड होती, नंतर वाढलीये, आणि त्यावर हेल्थ सरचार्ज (तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरायचे पैसे) वर्षाला १०३५ पौंड. म्हणजे नुसता सरचार्जच लाखाच्या वर. खात्यात १२७० पौंड २८ दिवस पडून हवेत, किंवा संस्थेने लिहून द्यायचं की खर्च आम्ही बघू. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार म्हणून टीबीची टेस्ट, ती पण त्यांच्या मान्य यादीतल्या क्लिनिकमध्येच, गल्लीतला एक्स-रे चालत नाही. शिवाय मुलांबरोबर काम म्हणून पोलिस क्लिअरन्स मागतील, ते पासपोर्टच्या साईटवरून अर्ज करून मिळतं, पोलिस घरी येतात, सोसायटीत चर्चा होते, तयारी ठेव.

आता मुद्दा: ह्यातलं काय संस्था भरते आणि काय तू? हे मेलवर लेखी घे. मी विचारलं नाही, लाज वाटली, सेवेला चाललोय आणि पैशाचं काय विचारायचं. विमानाचं धरून दोन लाखाच्या पुढे माझे गेले आणि बाबांना एफडी मोडावी लागली.

चहाबाज
पोलिस घरी येतात तेव्हा शेजारच्या काकू चहा घेऊन येतात का?

पौंडाचा_भाव
येतात. पोलिसाला नाही, चौकशीला.

जर्मन_भाकरी
अवांतर पण उपयोगी. इंग्लंडच हवं असं नसेल तर जर्मनीत फ्रायविलिगनडीन्स्ट म्हणून स्वयंसेवेचं वर्षच असतं, सरकारच्या कायद्याखाली. चर्चच्या संस्था पण घेतात. मी एका वृद्धाश्रमात आणि बालवाडीत मिळून १२ महिने केलं. खिशाला भत्ता, आरोग्य विमा त्यांचा, आणि वर्षाला २५ दिवस सेमिनारचे सक्तीने, त्यात सगळे स्वयंसेवक जमून नुसतं बोलायचं की काय चाललंय आपलं. मला आधी टाइमपास वाटलं, पण तेच पंचवीस दिवस मला जगवून गेले. भाषा मात्र शिकून जा, मॅक्सम्युलर भवनच्या वर्गात मी जे शिकलो ते तिकडच्या आज्यांच्या बोलीपुढे शून्य होतं पण निदान "दुखतंय का" विचारता आलं.

किस्सा: तिथे गावात नाव नोंदवायला गेलो, फॉर्मवर धर्माचा रकाना. मी छाती फुगवून लिहिलं प्रोटेस्टंट, आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर बहुसंख्यांकात. रूममेट कपाळाला हात लावून म्हणाला, गाढवा, आता चर्च टॅक्स. तिकडे आयकराच्या ८-९ टक्के चर्चला जातो, सरकारच कापून देतं. माझा भत्ता करपात्रच नव्हता म्हणून वाचलो. आमच्या पास्टोरेट कमिटीच्या खजिनदारांना हे सांगितलं तर त्यांचे डोळेच पाणावले, म्हणे इथे वर्गणीसाठी मी घराघरात जिने चढतो.

पंचहौदकर
वय ७१, टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

धागा वाचताना पंडिता रमाबाईंची आठवण झाली. १८८३ साली त्या इथून इंग्लंडला गेल्या त्या पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या सिस्टरांच्या ओळखीने, त्यांचा मूळ मठ वाँटेजला. पदरात दोन वर्षांची मनोरमा. डॉक्टर व्हायला गेल्या होत्या, ऐकू कमी येत असल्याने ते राहूनच गेलं. तिथेच बाप्तिस्मा घेतला, पण सिस्टरांचं सगळं मुकाट्याने ऐकलं असं नाही, शाकाहारी राहिल्या, पत्रांतून वाद घातले. तिथून १८८६ ला अमेरिका, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. आणि परत येऊन १८८९ ला मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. ज्या कामाला गेल्या ते झालं नाही आणि आल्या त्या वेगळंच काम घेऊन.

मुलीने रमाबाई व्हावं असं म्हणत नाही, तेवढं ओझं कोणाच्या बॅगेत टाकू नये. एवढंच की वाद घालायला घाबरू नकोस. यजमान आहेत म्हणून सगळ्याला हो म्हणायचं नसतं.

आणि चहावरून: १८९० ला ह्याच पंचहौदाच्या मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला आली, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि त्यावरून पुण्यात जे ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) पेटलं ते प्रायश्चित्तापर्यंत गेलं. कोकिळाबाईंच्या साडेपाचच्या चहाने नुसती झोपच गेली, स्वस्तात सुटल्या.

चहाबाज
काका, आयडीचं सार्थक झालं. दंडवत.

पेशवेपार्क
पंचहौदकर काका, सुंदर. तरी माझा मुद्दा उभा आहे. रमाबाई परत येऊन इथे काम करत्या झाल्या म्हणून आपण नाव घेतो. तिकडे जाऊन आलेले किती जण इथे काही करतात? कोकिळाताई, तुम्ही काय करता आता?

खाणीतली_कोकिळा
प्रश्न रास्त आहे. बँकेत आहे. महिन्यातून दोन रविवार संडे स्कूल घेते, स्कुटीवर पोरं कोंबत नाही, दुसऱ्या ताई असल्याशिवाय वर्ग उघडत नाही, त्यावरून आमच्याकडच्या तीन ज्येष्ठ बायका माझ्याशी बोलत नाहीत. एवढंच. जास्त काही सांगण्यासारखं नाही.

वाडग्यात_चहा
माझा आयडी इथे पहिल्यांदा कामाला आला. मी कॅथलिक, वडगाव शेरी. फ्रान्सला तेझे म्हणून गाव आहे बरगंडीत, ब्रदर रॉजर १९४० मध्ये तिथे आले आणि पुढे मठ उभा राहिला, वेगवेगळ्या पंथांचे ब्रदर्स एकत्र राहतात. उन्हाळ्यात आठवड्याला हजारो पोरं येतात आणि त्यांचं जेवण, राहणं, संडास सगळं तरुण स्वयंसेवकच सांभाळतात. मी तीन महिने होते. जेवायला एक चमचा आणि एक वाडगा, सुरी-काटा नाही, चहा पण वाडग्यातच. दिवसातून तीनदा घंटा होते, हातातलं काम टाकून प्रार्थनेला. मी संडास गटात होते. सात भाषांत "ओलं आहे, घसराल" म्हणायला शिकले. वर्षभर जमेल का ही शंका असेल तर असं छोटं करून बघ आधी.

नाव_नको_प्लीज
सगळे छान छान लिहितायत म्हणून मी लिहिते. संस्थेचं नाव, देश काही सांगणार नाही. मला पण युथ वर्क म्हणूनच बोलावलं होतं. गेल्यावर ज्या कुटुंबात ठेवलं त्यांची तीन मुलं मी सांभाळायची, स्वयंपाक, इस्त्री, आणि रविवारी चर्चमध्ये मला पुढे उभं करून "ही आमची भारतातली बहीण" म्हणून साक्ष (आपल्या आयुष्याची, विश्वासाची कहाणी) द्यायला लावायचे. साक्षीत गरिबी असली की लोक खूष. माझे बाबा बँकेत मॅनेजर होते, हे मी एकदा सांगितलं तर नंतर मला म्हणाले तेवढं वाक्य पुढच्या वेळी नको. सुट्टी विचारली की प्रभूच्या सेवेत सुट्टी कसली. सात महिन्यांनी आजारी पडून परत आले आणि इथे सगळ्यांना वाटलं माझाच विश्वास कमी पडला. पाळकांना पण सांगता आलं नाही.

म्हणून विचार: आठवड्याला तास किती, सुट्टी कुठल्या दिवशी, राहणार कोणाकडे, आणि भांडण झालं तर घरमालक सोडून दुसरा कोण माणूस माझा. ह्याचं उत्तर द्यायला जे कां-कूं करतात तिकडे जाऊ नकोस.

नगरी_मिरची
बाई गं. बरं केलंस लिहिलंस. तुझा विश्वास नाही कमी पडला.

पौंडाचा_भाव
@नाव_नको +१००. शेवटचं वाक्य धागाकर्तीने प्रिंट काढून फ्रिजवर लावावं.

एचआर_वाली_मावशी
गॅपचं मी सांगते, रोज तेच बघते. ११ महिन्यांनी काही बिघडत नाही. फक्त सीव्हीवर "समाजसेवा" लिहून सोडू नका. चाळीस मुलांचा साप्ताहिक क्लब चालवला, एवढं बजेट सांभाळलं, एवढ्या लोकांचा शिबिराचा आराखडा केला, असं लिहा. पेरोलवाली मुलगी ना तू, तुला परत घेणारे दहा मिळतील. आणि राजीनामा भांडून देऊ नकोस, रिलीव्हिंग लेटर नीट घे.

ताम्हिणीचा_पाऊस
आणि स्थळांचं काय मावशी?

एचआर_वाली_मावशी
ते माझ्या डिपार्टमेंटला येत नाही.

दापोडीकर
आमच्या समाजात "फॉरेन रिटर्न" म्हणलं की भाव वाढतो हो, फक्त काय करून आली ते विचारू नये. मम्मीला सांगा.

मिरा_आई
मी आई म्हणून लिहिते. माझी मुलगी गेली होती. तिकडे डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो हे कोणी सांगितलं नव्हतं मला. फोनवर तिचा आवाज बारीक व्हायला लागला, मला वाटलं कोणीतरी त्रास देतंय, निघाला तो अंधार. तिथल्या बायकांनी तिला दुपारी जेवणानंतर सक्तीने अर्धा तास बाहेर चालायला लावलं. मम्मीला म्हणावं व्हिडिओ कॉल सकाळी कर, त्यांच्या संध्याकाळी नको, त्या वेळी सगळंच वाईट वाटतं. आणि बॅगेत तूप, पेढे, खव्याचं काही देऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. आमचं किलोभर घरचं तूप विमानतळावर गेलं. चकली, चिवडा, शेंगदाण्याची चटणी जाते.

चहाबाज
किलोभर घरचं तूप!! धाग्यावरचा सगळ्यात दुःखद प्रतिसाद.

खाणीतली_कोकिळा
अंधाराचं अगदी खरं. पण त्याचं उट्टं उन्हाळ्यात निघतं, रात्री दहापर्यंत उजेड. तुझे अकरा महिने सप्टेंबर ते जुलै असतील तर जुलैत डरहमला मायनर्स गाला असतो, १८७१ पासून चालत आलेला, तो चुकवू नकोस. खाणी सगळ्या बंद, तरी गावोगावचे लोक आपापला मोठ्ठा झेंडा आणि ब्रास बँड घेऊन रस्त्याने निघतात, आणि काही झेंडे कॅथेड्रलमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. मी रस्त्याच्या कडेला उभी आणि मला एकदम लक्ष्मी रोड आठवला, मानाचे गणपती. बँडच्या मागे आमच्या क्लबातली पोरं चालत होती, रविवारी कधी न दिसणारी, गावाचा झेंडा धरून. त्यातल्या एकाने मला ओढून आत घेतलं, म्हणाला हाउवे, तू आमच्यातलीच. हाउवे म्हणजे चल.

चिमणे, हाक की हौस ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आज पण कळलेलं नाही. मी गेले ते बऱ्यापैकी हौसेने. हौस होती म्हणून पहिले तीन महिने निघाले, नुसत्या हाकेवर मी ऑक्टोबरातच परत आले असते.

पेशवेपार्क
हे प्रामाणिक आहे. आवडलं.
@चिमणी, शनिवारी चार वाजता येरवड्याला ये. इंग्लंड नंतर बघू. पोरं तुला गणितापेक्षा कॅरममध्ये हरवतील.

उंटावरचा_शहाणा
कॅरम ठीक आहे. बाकी माझी मतं तीच आहेत. पण त्या नाव_नको ताईंचं वाचून वाईट वाटलं.

घोरपडीची_चिमणी
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद पप्पांना मोठ्याने वाचून दाखवले, तुपाचं वाचताना मम्मी पण आली ऐकायला.

नाव_नको ताई आणि पौंडाचा_भाव, तुमचे प्रश्न जसेच्या तसे मेल केले, पाठवताना हात थरथरत होता, वाटलं आता म्हणतील ही कसली सेवेला येते. दुसऱ्या दिवशी उत्तर. तास आठवड्याला ३५, सुट्टी दोन दिवस, सोमवार नक्की, दुसरा बदलता. राहणं आणखी एका व्हॉलंटियरबरोबर फ्लॅटमध्ये, कोणाच्या घरी नाही. व्हिसा, सरचार्ज, विमान ते भरणार, टीबीची टेस्ट आणि पोलिस क्लिअरन्स आपण. तक्रारीसाठी दुसऱ्या गावातली एक बाई नेमून दिलीये, तिने स्वतः फोन करून ओळख करून घेतली. स्पॉन्सर यादीत नाव सापडलं. हो कळवलं. राजीनामा दिला, भांडण न करता.

येरवड्याला तीन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी पप्पा मला सोडायला म्हणून आले आणि बाहेर बसून राहिले. दुसऱ्या शनिवारी आत बसले. तिसऱ्या शनिवारी पेशवेपार्क दादांनी त्यांना पाढ्यांचा गट दिला आणि आता मी गेल्यावर कोण येणार हा प्रश्न उरला नाहीये, ते आधीच दादांशी पुढच्या महिन्याचं बोलून मोकळे झालेत, मला विचारलं पण नाही. मम्मी म्हणते एक जण सेवेला चालली म्हणता म्हणता घरातले दोघं गेले.

कॅरममध्ये हरले, दहा वर्षांच्या पोरीकडून, २५-० ने.

त्यावरूनच शेवटचा प्रश्न. तिकडच्या क्लबसाठी कॅरम बोर्ड न्यावा असं डोक्यात आहे. विमानात जाईल का?

पौंडाचा_भाव
पूर्ण साइजचा विसर, ओव्हरसाइजचे पैसे लावतील. २६ इंची बघ, चेक-इनला विचारून घे एअरलाइनला आधी.

खाणीतली_कोकिळा
ने ने! आणि सोंगट्या दोन सेट ने, तिकडची पोरं स्ट्रायकर पूलसारखा हाणतात, पहिल्याच दिवशी क्वीन हीटरखाली जाणार.

जर्मन_भाकरी
बोरिक पावडर मात्र बॅगेत ठेवू नकोस. पांढरी पावडर, लेबल नाही, आणि तू म्हणणार मी चर्चच्या कामाला चाललेय.

चहाबाज
आणि म्हणे पोलिस क्लिअरन्स पण आहे माझ्याकडे.